पदवी विद्यापीठाची, घडण महाविद्यालयाची
(महोत्सवप्रसंगी तलवाडे येथे तरुण व पालक ह्यांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या दिवशी मागे वळून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच होय. ज्यांच्या श्रद्धेने व श्रमांनी हे धर्मग्राम उभे राहिले त्यांचे स्मरण इतर वक्ते आमच्याहून अधिक अधिकाराने करतील. चालकांनी आमच्याकडे सोपविलेला विषय पुढच्या पिढीचा आहे. एकाच विद्यापीठाची अनेक महाविद्यालये असताना आपल्या मुलाने वा मुलीने अर्ज कोणत्या महाविद्यालयाकडे करावा, असा तो प्रश्न आहे.

प्रश्न वरवर पाहता लहान दिसतो. बारावीचा निकाल लागतो, आणि त्यानंतरच्या आठ-पंधरा दिवसांत घरोघरी त्याचा निकालही लागून जातो. परंतु तो कसा लागतो हे पाहिले म्हणजे मन उदास होते. शेजारचा मुलगा जेथे गेला तेथे आपलाही जावा; एस.टी. जेथे थेट जाते ते बरे. ज्याची इमारत मोठी ते चांगले. आणि मुलगी असेल तर कोठेच नको, झाले एवढे पुरे. एका जोडी बैलांची खरेदी करावयाची तर आम्ही चार बाजार हिंडतो, दात पाहतो, चाल पाहतो, जाणत्यास बरोबर नेतो. आणि लेकराच्या आयुष्यातील तीन-चार वर्षे कोणाच्या हाती द्यावयाची हे मात्र चहाच्या टपरीवर ठरते. ह्यास्तव ह्या विषयाचा थोडा मुळापासून विचार करू.

प्रथम विद्यापीठ म्हणजे काय आणि महाविद्यालय म्हणजे काय, हा भेद ध्यानात घ्यावा. आपल्या देशात आधुनिक विद्यापीठे १८५७ साली मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे स्थापन झाली. त्यांचा नमुना लंडन विद्यापीठाचा होता. विद्यापीठाने अभ्यासक्रम आखावा, परीक्षा घ्यावी व पदवी द्यावी. शिकविण्याचे काम त्यास संलग्न असलेल्या महाविद्यालयांनी करावे, अशी ती व्यवस्था. आपला मराठवाडा १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता, व येथील उच्च शिक्षण १९१८ साली हैदराबादेत निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाच्या छायेखाली होते. त्या विद्यापीठाचे माध्यम उर्दू. मराठी घरातील मुलास पदवी मिळवावयाची तर आधी परकी भाषा पचवावी लागे. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. १९९४ साली त्याच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचे नाव आले, आणि त्याच साली नांदेडास स्वतंत्र विद्यापीठ निघाले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव ह्या चार जिल्ह्यांतील चारशेहून अधिक महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाकडे पाहतात.

ह्याचा अर्थ काय झाला? गेवराईच्या र. भ. अट्टल महाविद्यालयात शिकलेल्या मुलीस, बीडच्या बलभीम महाविद्यालयात शिकलेल्या मुलास आणि संभाजीनगरच्या देवगिरी महाविद्यालयात शिकलेल्या त्यांच्या मित्रास मिळणारी पदवी एकाच विद्यापीठाची. कागद एक, शिक्का एक. मग निवड करावयाची ती कशाची? आमचे उत्तर असे की, पदवी विद्यापीठ देते, परंतु मनुष्य घडतो तो महाविद्यालयात. कोण शिकविणार, कोठे राहावयाचे, संध्याकाळी पुस्तक कोठे उघडावयाचे, आजारी पडल्यास कोण विचारणार, चुकल्यास कोण कान धरणार, हे सारे विद्यापीठाच्या कार्यालयात ठरत नाही. ते महाविद्यालयाच्या चार भिंतींत ठरते. विद्यापीठ हे राज्य आहे, महाविद्यालय हे घर आहे. राज्य एकच असले तरी घरे सारखी नसतात.

ही घरांची कल्पना जेथे सर्वांत जुनी व सर्वांत दृढ आहे, त्या इंग्लंडातील ऑक्सफर्ड व केंब्रिजकडे क्षणभर पाहू. आपल्यापैकी कोणी उद्याच तेथे निघाला आहे असे नव्हे. जरी निघाला तरी आम्हांस आनंदच होईल. पण तेथील उदाहरणांवरून आपला प्रश्न स्वच्छ होतो. केंब्रिज विद्यापीठात ३१ महाविद्यालये आहेत आणि ऑक्सफर्डातही तीसहून अधिक आहेत. व्याख्याने, प्रयोगशाळा व परीक्षा विद्यापीठाच्या. राहणे, जेवणे आणि एक-दोन विद्यार्थ्यांस समोर बसवून गुरूने दर आठवड्यास अभ्यास तपासणे हे महाविद्यालयाचे. अर्ज करताना विद्यार्थ्याने एका महाविद्यालयाचे नाव लिहावे, अथवा कोणतेही नाव न लिहिता अर्ज खुला ठेवावा, अशी मुभा आहे. मग विद्यापीठ त्यास एखादे महाविद्यालय नेमून देते. ज्या महाविद्यालयाकडे अर्ज केला त्यास जागा नसली आणि विद्यार्थी लायक असला, तर दुसरे महाविद्यालय त्यास उचलू शकते. ह्यावरून दिसते की, तेथेही 'अमुकच घर मिळाले नाही तर सर्व बुडाले' असे मानीत नाहीत.

आता ह्या घरांच्या इतिहासातील एक गोष्ट आपणांस विशेष जवळची आहे. शतकानुशतके त्या दोन्ही विद्यापीठांत इंग्लंडच्या राज्यमान्य पंथाबाहेरच्यांस पूर्ण प्रवेश नव्हता. १८७१ च्या कायद्याने धर्माची ती अट बहुतेक ठिकाणी उठली. तरीही कॅथॉलिक तरुणांनी तेथे जावे की नाही ह्याविषयी आपल्या धर्माधिकाऱ्यांस शंका होती, आणि १८९५ साली रोमहून मोकळीक मिळाली. लगेच पुढच्या वर्षी, १८९६ साली, केंब्रिजमध्ये कॅथॉलिक विद्यार्थ्यांसाठी सेंट एडमंड्स हाऊस ह्या नावाचे लहानसे निवासस्थान निघाले. ते पूर्ण महाविद्यालय व्हावयास पुढे शंभर वर्षे लागली. परंतु १९२३ साली बेल्जममधून आलेला एक तरुण कॅथॉलिक धर्मगुरू तेथेच उतरला. त्याचे नाव जॉर्ज लमेत्र. विश्व प्रसरण पावत आहे, असे गणिताने मांडणारा आणि ज्यास आज महास्फोटाचा सिद्धान्त म्हणतात त्याचा पाया घालणारा तो हाच पुरुष.

दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्राचे. केंब्रिजमधील श्रीमंत महाविद्यालयांचा खर्च ज्यांना झेपत नसे अशा विद्यार्थ्यांसाठी १८६९ साली तेथे एक व्यवस्था सुरू झाली; तिचेच पुढे फिट्झविल्यम हाऊस झाले आणि १९६६ साली ते महाविद्यालय झाले. कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले ते ह्याच साध्या घरात. आणि १९५९ साली गणिताच्या परीक्षेत सर्वांच्या पुढे राहिले. पुढे लमेत्र ह्यांच्या सिद्धान्तास जन्मभर आव्हान देणाऱ्यांत नारळीकर अग्रेसर ठरले. २०२५ साली त्यांचे निधन झाले. सिद्धान्ताचा पाया घालणारा आणि त्यावर शंका घेणारा, दोघांनीही केंब्रिजमध्ये प्रथम पाऊल ठेवले ते नावाजलेल्या वाड्यांत नव्हे, तर ज्यांना इतरत्र सहज जागा नव्हती अशांसाठी बांधलेल्या घरांत. महाविद्यालयाच्या कमानीची उंची आणि विद्यार्थ्याच्या बुद्धीची उंची ह्यांचा संबंध नाही, हे ह्याहून स्पष्ट कसे सांगावे?

तिसरे उदाहरण एका ख्रिस्ती कन्येचे. कॉर्नेलिया सोराबजी ह्यांचा जन्म १८६६ साली नाशिकास झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. त्या यशावर विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयाची. परंतु उमेदवार स्त्री आहे म्हणून ती नाकारण्यात आली. तेव्हा इंग्लंडातील काही हितचिंतकांनी पैसा उभा केला, आणि १८८९ साली त्या ऑक्सफर्डास सॉमरव्हिल ह्या स्त्रियांच्या निवासात दाखल झाल्या. सॉमरव्हिलचा दरवाजा कोणत्याही एका पंथास बांधलेला नव्हता. कायद्याच्या परीक्षेस बसण्याची परवानगी मिळविण्यास त्यांना बेलिअल ह्या दुसऱ्याच महाविद्यालयाचे प्रमुख बेंजामिन जॉवेट ह्यांचे साहाय्य झाले. १८९२ साली त्यांनी ती परीक्षा दिली. ऑक्सफर्डात ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आणि पदवी? स्त्रियांस पदवी देण्याचे ऑक्सफर्डने १९२० साली मान्य केले, व कॉर्नेलियाबाईंस ती १९२२ साली मिळाली. तीस वर्षे विद्यापीठाने कागद दिला नाही. परंतु महाविद्यालयाने आसरा दिला होता, गुरूंनी विद्या दिली होती, आणि तेवढ्या बळावर त्या हिंदुस्थानात परतून पडद्यातील निराधार स्त्रियांचे कज्जे लढल्या. 'पदवी विद्यापीठाची, घडण महाविद्यालयाची' ह्या आमच्या वाक्याचा अर्थ ह्या एका चरित्रात आहे.

विलायतेच्या गोष्टी पुरे. आता घरी येऊ. मराठवाड्यात विद्यापीठ १९५८ साली आले हे वर सांगितलेच. परंतु त्याच्या आठ वर्षे आधी, १९५० साली, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू केले होते. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. त्याच साली नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या प्रेरणेने पीपल्स कॉलेज निघाले. म्हणजे आपल्या मुलखात घर आधी बांधले गेले आणि राज्य मागाहून आले. मिलिंदमध्ये खेड्यापाड्यांतून, ज्यांच्या घरात पूर्वी कोणी अक्षर गिरविले नव्हते अशी मुले आली आणि तेथील वसतिगृहांत राहून शिकली. बाबासाहेबांनी वर्गखोल्यांइतकीच काळजी वसतिगृहाची वाहिली, कारण स्वतः मुंबईच्या चाळीतील एका खोलीत अभ्यास करून एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली पदवीधर झालेल्या त्या पुरुषास ठाऊक होते की, गरिबाच्या मुलाचे शिक्षण वर्गात नव्हे, तर रात्री दिवा कोठे लागतो ह्यावर तरते वा बुडते.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट बीड जिल्ह्यास जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कोणास लागू पडत असेल. दसरा-दिवाळी झाली की आपल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आई-बाप कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, काही कर्नाटकात जातात, आणि परततात ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. महाविद्यालयाचे मुख्य सत्र नेमके ह्याच महिन्यांत चालते. तेव्हा अशा घरच्या मुलाने महाविद्यालय निवडताना 'इमारत कशी आहे' हा प्रश्न विचारण्यापूर्वी 'कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत मी जेवणार कोठे आणि निजणार कोठे' हा प्रश्न विचारला पाहिजे. तो विचारला नाही तर पौषात मुलगा टोळीवर जातो, चैत्रात परीक्षेस बसतो, आणि नापासाचा दोष मात्र त्याच्या बुद्धीस लागतो. मुलगी असेल तर 'एकटी घरी कशी ठेवावी' ह्या एका चिंतेपोटी तिचे लग्न वयाआधीच उरकले जाते. ज्या पालकांवर ही पाळी आली त्यांस आम्ही येथे दोष देण्यास उभे राहिलो नाही. त्यांची भीती खरी आहे. परंतु त्या भीतीवर उतारा लग्नाचा नव्हे, सुरक्षित वसतिगृहाचा आहे, एवढेच आमचे सांगणे.

तर मग निवड करताना काय काय पाहावे? आमच्या मते चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न विषयाचा व शिक्षकाचा. मुलास जे शिकावयाचे ते त्या महाविद्यालयात खरोखर शिकविले जाते काय? पत्रकात विषयाचे नाव असणे निराळे आणि त्या विषयाचा शिक्षक नियमाने वर्गावर येणे निराळे. विज्ञान शाखा असेल तर प्रयोगशाळेचे दार उघडून पाहावे. उपकरणांवर धूळ आहे की हाताळल्याच्या खुणा आहेत, हे अशिक्षित बापासही कळते. 'हजेरीची काळजी नको, परीक्षेपुरते या' असे जेथे प्रवेशाच्या वेळीच सांगतात तेथून पादत्राणे घालून तत्काळ बाहेर पडावे. असे महाविद्यालय सोयीचे वाटते खरे. पण ते तुम्हांस घर देत नाही, केवळ पत्ता देते.

दुसरा प्रश्न निवासाचा. महाविद्यालयाचे स्वतःचे वसतिगृह आहे काय, मुलींचे निराळे आहे काय, तेथे रात्री कोण असते, पाणी व जेवण कसे, सुटीत ते बंद होते काय? समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आहेत. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा ह्यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची योजना शासनाने २०२१ साली मंजूर केली. ह्यांपैकी आपल्या उपयोगाचे कोणते, ह्याची चौकशी बारावीच्या निकालानंतर नव्हे, अकरावीतच करावी. रोज जाऊन-येऊन शिकावयाचे असेल तर शेवटची गाडी किती वाजता सुटते हे पाहावे. २०२३ पासून एस.टी.त स्त्रियांस अर्धे तिकीट आहे, ही सवलत मोठी आहे. परंतु गाडीच चुकली तर सवलतीचा काय उपयोग?

तिसरा प्रश्न खर्चाचा. येथे पुष्कळ घरांचा गैरसमज असा की, जवळचे ते स्वस्त आणि दूरचे ते महाग. शुल्क, निवास, प्रवास व पुस्तके असे चार रकाने कागदावर मांडून बेरीज करावी, म्हणजे कित्येकदा उलटे दिसते. शिवाय सवलतींचा रकाना पाचवा. शासनाने २०२४ सालच्या जुलैमध्ये ठरविले की, व्यावसायिक अभ्यासक्रमास शासनाच्या केंद्रीय प्रवेशपद्धतीने प्रवेश घेणाऱ्या इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिक दुर्बल घटक ह्यांतील मुलींचे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असल्यास, शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्णपणे शासन भरील. आपल्या लोकांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा हक्क मिळत नाही, ही आपल्या समाजाची जुनी वेदना आहे. तिचा न्याय व्हावयाचा तेव्हा होईल. परंतु महाराष्ट्रात ते इतर मागास वर्गात मोडतात. तो दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेवर काढून ठेवला नाही, तर हक्क असूनही तो हातचा जातो. किती तरी मुलांचा प्रवेश गुणांवाचून नव्हे, एका कागदावाचून अडतो.

चौथा प्रश्न संगतीचा. ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते काय? आपल्यासारख्या घरांतून आलेली मुले तेथे आहेत काय, आणि मागे गेलेली मुले आज कोठे आहेत? मुलाचे नाव निदान दोन-तीन शिक्षकांस ठाऊक होईल इतकी तेथे माणुसकी आहे काय? शेकडो मुलांच्या गर्दीत खेड्यातून आलेले लाजरे लेकरू बोलत नाही, विचारीत नाही, आणि कोणाच्या लक्षात न येता एक दिवस परत येते. त्यापेक्षा लहान महाविद्यालय, जेथे गुरुजी हाक मारून विचारतात, ते शतपटीने बरे.

येथे दोन आक्षेप येतील. कोणी म्हणेल, 'आपल्या मुलाने ख्रिस्ती महाविद्यालयातच जावे.' जेस्विट धर्मगुरूंनी १८६९ साली स्थापिलेले मुंबईचे सेंट झेवियर्स, किंवा १९४७ साली भास्कर पांडुरंग हिवाळे ह्यांनी नगरास काढलेले अहमदनगर कॉलेज, ह्या संस्थांचा आपणांस अभिमान आहे व असावा. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांस आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला असल्याने, अशा काही महाविद्यालयांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी जागा राखलेल्या असतात. त्यांची चौकशी अवश्य करावी. परंतु हे चार प्रश्न तेथेही चुकत नाहीत. मुंबईत निवासाची सोय नसेल तर झेवियर्सचे नाव मुलास छप्पर देत नाही. आणि झेवियर्सला २०१० साली स्वायत्तता मिळाली तरी पदवी मुंबई विद्यापीठाचीच आहे, हेही विसरू नये. दुसरा म्हणेल, 'एवढ्या दूर धाडून मूल आपले राहील काय?' ह्यास उत्तर रँग्लर परांजपे ह्यांचे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स महाविद्यालयात गेले, १८९९ साली गणितात तेथील सर्वोच्च मान मिळविला, आणि सरकारी नोकरीच्या मागे न लागता फर्ग्युसनलाच परत येऊन १९०२ पासून दोन दशकांहून अधिक काळ त्याचे प्राचार्य राहिले. ज्या घराने माया केली त्या घराकडे मूल परत येते. माया न करता जवळ बांधून ठेवलेले मूल अंगणात असूनही दूर जाते.

आता अर्ज भरण्याविषयी दोन शब्द. कला, वाणिज्य व विज्ञान ह्या नेहमीच्या पदव्यांसाठी आपल्या भागात बहुधा त्या त्या महाविद्यालयातच अर्ज करावा लागतो. म्हणून एकाच ठिकाणी अर्ज करून वाट पाहत बसू नये, दोन-तीन ठिकाणी करावा. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सर्व राज्यात ऑनलाईन झाले असून दहापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने लिहिता येतात. तेथे पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेच घ्यावे लागते. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांस मुकावे लागते. यास्तव पहिल्या ओळीत कोणाच्या सांगण्यावरून वा हौसेने नाव लिहू नये. जेथे मनापासून जावयाचे आणि जेथे राहण्याची व खर्चाची तजवीज झाली आहे, तेच पहिले. 'मिळणार नाही' ह्या भीतीने आवडीचे नाव खाली लिहिणे हाही तोटाच. यंत्र वरून खाली वाचते, ते तुमच्या मनातील भीती वाचीत नाही. अर्ज सायबर कॅफेत दुसऱ्याकडून भरून घेतला तरी क्रम स्वतः वाचून पाहावा, आणि पोच जपून ठेवावी.

शेवटी धर्मग्रामाचे कर्तव्य. कॉर्नेलिया सोराबजींच्या मागे हितचिंतक उभे राहिले नसते तर सॉमरव्हिलचा दरवाजा उघडा असूनही त्या तेथवर पोहोचल्या नसत्या. आमची सूचना अशी की, ह्या महोत्सवाचे स्मारक म्हणून आपण तीन साधी कामे अंगावर घ्यावीत. एक, ह्या धर्मग्रामातून जी मुले-मुली आजवर महाविद्यालयात गेली त्यांची नोंदवही करावी. कोण कोठे शिकले, कोठे राहिले, खर्च किती आला हे तीत लिहावे, म्हणजे पुढच्या मुलास अंधारात चाचपडावे लागणार नाही. दोन, निकालानंतरच्या आठवड्यात जाणत्या दोघांनी, त्यांत एक स्त्री असावी, प्रवेशेच्छू मुलांस व त्यांच्या आईबापांस घेऊन गेवराई, बीड, अंबाजोगाई, संभाजीनगर येथील निदान दोन महाविद्यालये आणि त्यांची वसतिगृहे प्रत्यक्ष पाहून यावीत. तीन, जे आईबाप तोडीवर जातात त्यांच्या मुलांची ख्यालीखुशाली त्या सहा महिन्यांत महिन्यातून एकदा तरी घेण्याचे काम काही कुटुंबांनी वाटून घ्यावे. ह्यांत पैसा थोडा लागतो, आस्था पुष्कळ लागते. आणि आस्थेचा तुटवडा ह्या धर्मग्रामास आहे असे आम्हांस वाटत नाही.

तरुण मित्रांनो, तुम्हांस एवढेच सांगणे की, मोठ्या नावाच्या महाविद्यालयात जागा मिळाली नाही म्हणून खिन्न होऊ नका, आणि मिळाली म्हणून फुगून जाऊ नका. जे घर मिळेल त्यात पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालास ओळख द्या, एका शिक्षकास शंका विचारा, आणि बाकावर शेजारी बसलेल्याचे नाव विचारा. पालकांनो, तुम्हांस विनंती की, मुलगा आणि मुलगी ह्यांच्यासाठी हे चार प्रश्न सारखेच विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर दोघांनाही सारखेच पाठवा. पुढील महोत्सवास ह्या व्यासपीठावरून बोलणारी वक्ती ह्या सभेत आज मागच्या रांगेत बसलेली एखादी मुलगी असो, अशी आमची इच्छा आहे. तिने कोणत्या महाविद्यालयात शिकावे हे ठरविण्यास आपल्याजवळ अजून वेळ आहे. तो वेळ आपण वाया घालवू नये.

परमेश्वर आपणां सर्वांस सुबुद्धी व बळ देवो.